रिकाम्या गोळीची चव

कारखान्यात तिला सगळे जीभमावशी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि तिलाही त्याचा राग नव्हता. माणसाला कामावरून नाव पडलं तर त्यात रागवायचं काय? चघळायच्या गोळ्यांचा तो कारखाना होता, एका गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावरच्या तीन ऐसपैस खोल्यांत. तिथून बाहेर पडणारी प्रत्येक गोळी, मग ती खोकल्याची असो, बसलेल्या घशाची असो की नुसती पोरांच्या हट्टाची, आधी मावशीच्या तोंडात जायची. तीच गोळी नव्हे अर्थात, त्याच घाण्यातली तिची सख्खी बहीण.

ही जीभ मावशीने चोपन्न वर्षं एखाद्या नाजूक पाहुणीसारखी सांभाळली होती. चहा पार निवल्याशिवाय ओठाला लावायचा नाही. मिरचीशी बोलणं बंद. दात घासायची पेस्ट बिनवासाची. कुणी जेवायला बोलावलं तर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याच तोंडचं पाणी पळायचं. मावशी बिचारी म्हणायची, "अहो, मी जेवायला आलेय, परीक्षा घ्यायला नाही." पण तिचं ऐकतंय कोण! लोक तिच्यापुढे ताट ठेवून निकालाची वाट बघत बसायचे. शेवटी तिने कुणाकडे जेवायला जाणंच सोडलं. लग्नही केलं नाही. त्याचं कारण जीभ नव्हती, पण लोकांना कारण लागतं, आणि हे आयतं हाताशी होतं.

तिचं बालपण साखरेच्या वाफेत गेलं. वडील ह्याच कारखान्यात साखर शिजवायचे. तांब्याच्या मोठ्या कढईत पाक उकळत असायचा, खिडक्यांच्या काचांवर गोडसर ओल धरलेली असायची, आणि दुपारचं ऊन त्या काचांमधून आत येता येता मधाच्या रंगाचं होऊन जायचं. आई लवकर गेली होती, त्यामुळे शाळा सुटली की ही इथेच यायची. संगमरवराच्या ओट्याला हनुवटी टेकून ती थंड होणाऱ्या पाकाकडे तासन् तास बघायची. सात वर्षांची असताना एक दिवस ती म्हणाली, "बाबा, आज कढई घासली नाही का?" कढई घासलेली होती, पण घासणाऱ्या बाईने साबण बदलला होता. दुसरा कुणी असता तर त्याने पोरीला गप्प बसवलं असतं. वडिलांनी अख्खा पाक ओतून दिला, आणि त्या दिवसापासून प्रत्येक घाण्याचा पहिला तुकडा तिच्या जिभेवर ठेवायला लागले.

पुढे वडील गेले, कढया जाऊन यंत्रं आली, जुन्या मालकांच्या जागी त्यांचे जावई मालक झाले. मावशी राहिली. दहा ते बारा ती चाखायची. बारानंतर जीभ दमते, म्हणून मग नुसते वास घ्यायचं काम. खिडकीपाशी तिची खुर्ची, शेजारी कोमट पाण्याचा पेला आणि बिनमिठाच्या पावाचे तुकडे. गोळी तोंडात ठेवली की ती डोळे मिटायची, आणि खोलीतले आवाज हळूहळू लांब जायचे. यंत्राची खटखट, पॅकिंगच्या बायकांच्या गप्पा, मालकांचं फोनवरचं ओरडणं, सगळं कुठेतरी पाण्याखाली चाललंय असं वाटायचं. ती स्वतः त्या वेळात कुठे असायची ते तिलाही सांगता आलं नसतं. गोळी संपली की ती परत यायची आणि म्हणायची, "लिंबू शिळं आहे," किंवा, "पाक दोन मिनिटं जास्त झालाय." सगळं मनासारखं असलं तर नुसतंच, "जाऊ दे." तिने जाऊ दे म्हटलं की मालकांचा जीव भांड्यात पडायचा.

घरी ताई. दोघींमध्ये बारा वर्षांचं अंतर, म्हणजे बहीण कमी आणि आईच जास्त. ताईने आयुष्यभर बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या, काचेच्या खोलीत माइकपुढे बसून. लोक म्हणायचे, गाडीला दोन तास उशीर आहे हे हिच्या तोंडून ऐकलं की उशीरसुद्धा बरा वाटतो. मावशी शाळेत असताना वारा त्या बाजूचा असला की ताईचा आवाज घरांच्या छपरांवरून तरंगत वर्गात यायचा. "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी..." एवढंच ऐकू यायचं. पुढचं वारा खाऊन टाकायचा. बाकीची मुलं गणितं सोडवत असायची आणि ही मात्र त्या गाडीत बसून कधीच निघून गेलेली असायची. मास्तरांनी खडू मारला की परत.

ताई निवृत्त झाली आणि तिच्या छातीने दगा द्यायला सुरुवात केली. थंडी पडायची, हवेत कुठलातरी विषाणू फिरायला लागायचा, सगळ्या गल्लीला नुसती सर्दी व्हायची आणि ताईची मात्र छाती भरायची. गेल्या थंडीत ती अकरा दिवस रुग्णालयात होती. परत आली ती आवाज तिथेच विसरून आल्यासारखी. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि आता काही नाही म्हणून सांगितलं. ताईने मान हलवली. पण तेव्हापासून ती हळू बोलायला लागली, चिमणीएवढं खायला लागली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे अशी बघायला लागली, की पुढची थंडी जणू तिच्या एकटीचा पत्ता शोधत येणार आहे. मावशीला ते बघवत नसे.

त्याच उन्हाळ्यात कारखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, घाईत असलेल्या, केस विंचरायलाही फुरसत न मिळालेल्या. त्यांना दोन प्रकारच्या गोळ्या करून हव्या होत्या. एकीत झिंक, म्हणजे आपलं जस्त. दुसरीत काहीच नाही. सर्दी-खोकला झालेल्या काहीशे माणसांना त्या द्यायच्या, निम्म्यांना खरी, निम्म्यांना रिकामी. कुणाला कुठली मिळाली ते ना घेणाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. शेवटी बघायचं, लवकर बरं कोण झालं.

"म्हणजे झिंकने सर्दी जाते तर!" मालक म्हणाले.

"तेच तर माहीत नाही ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणी म्हणतं एखाद-दोन दिवस लवकर बरं वाटतं, कुणी म्हणतं काही फरक पडत नाही. दुकानांत डब्यांवर डब्या खपतात, पण छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. आणि त्याचं एक कारण तुमच्या धंद्यातलं आहे."

"आमच्या?"

"चव. झिंक इतकं वाईट लागतं की माणसाला पहिल्या गोळीलाच कळतं, आपल्याला खरी मिळालीय. रिकामी लागते गोड. मग काय, खरीवाला दुसऱ्या दिवशी म्हणतो मला बरं वाटतंय, आणि रिकामीवाला तोंड वाकडं करून बसतो. औषध राहतं बाजूला, आम्ही नुसता विश्वास मोजत बसतो. मला अशी रिकामी गोळी हवी, जी खरीइतकीच वाईट लागेल."

मालकांनी मावशीकडे बघितलं. गोळी गोड लागावी म्हणून जन्मभर झटलेल्या बाईकडे आज कुणीतरी वाईट चव मागायला आलं होतं. तिला हसू फुटलं. मग तिने डॉक्टरीणबाईंनी आणलेली झिंकची गोळी तोंडात ठेवली आणि हसू मावळलं.

आधी थोडी गोडी. मग नळाला तोंड लावून पाणी प्यावं तशी धातूची चव. मग तोंड सुकत जातं, इतकं की जीभ टाळूला चिकटते. चावायची नाही, गिळायची नाही, आपोआप विरघळू द्यायची, वीस मिनिटं. आणि गोळी संपल्यावर, आता काही उरलं नाही असं वाटत असताना, जिभेच्या पार मुळाशी एक बारीक, थंड रेघ उठली आणि गेली. पॅकिंगमधल्या कुणाला ती कळलीही नसती. मावशी मात्र डोळे उघडून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

"जमेल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जमेल. पण वेळ लागेल."

उन्हाळाभर ती त्या एका चवीच्या मागे लागली. गोडी सोपी होती. तोंड सुकवायला डाळिंबाच्या साली आणल्या, वाळवल्या, त्यांचा काढा केला. धातूच्या चवीसाठी तुरटीचा कण. काहीही नवं घालायचं म्हटलं की डॉक्टरीणबाईंना विचारायचं, त्यांनी चालेल म्हटलं की घालायचं. पहिली गोळी इतकी भयंकर झाली की पॅकिंगमधल्या शिडीने, म्हणजे तिथल्या सगळ्यांत उंच बाईने, ती तोंडातून काढून कुंडीत पुरली. दर आठवड्याला आठ जणींना ओळीने बसवून दोन दोन गोळ्या द्यायच्या आणि विचारायचं, ह्यातली खरी कुठली? हळूहळू आठही जणी गोंधळायला लागल्या. दहाव्या आठवड्यात त्यांनी चक्क हात टेकले.

"झालं मग," मालक म्हणाले.

"मला कळतंय," मावशी म्हणाली.

"मावशी, तुम्हाला कळणारच! रुग्ण काय तुमची जीभ घेऊन येणार आहेत?"

पण ती शेवटची रेघ तिची पाठ सोडेना. खरी गोळी संपली की ती उठायची. रिकामी संपली की काहीच नाही, रिकामं ते रिकामंच. बसमध्ये उभी असताना, कपडे वाळत घालताना, ताईच्या डोक्याला तेल लावताना तिचं लक्ष जिभेच्या मुळाशी लागलेलं असायचं. ताई विचारायची, "कुठे आहेस?" ही म्हणायची, "इथेच आहे की." ते काही खरं नव्हतं. शेवटी तिने साली एका दिवसाऐवजी तीन दिवस मुरवल्या आणि तुरटी काढा गाळायच्या आधीच टाकली. डॉक्टरीणबाईंनी ह्यालाही चालेल म्हटलं, आणि त्या काढ्यावर रिकाम्या गोळ्यांचा सगळा माल निघाला. खऱ्या गोळ्या त्याआधीच भरून झाल्या होत्या. मधल्या दिवसांत साच्याच्या कडेचा कणभर टवका उडाला होता, त्यामुळे ह्या रिकाम्या गोळ्यांच्या कडेला एक बारीक गाठ आली होती. डोळ्याला दिसणार नाही, पण मावशीच्या जिभेला लागेल, एवढीशी. त्या दिवशी तिने स्वतःचा नियम मोडला. सकाळी नऊपासून संध्याकाळी चारपर्यंत चाखत राहिली, आणि वीस गोळ्यांनंतर जिभेचं लाकूड झालं.

"आज काही कळत नाही. उद्या बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली तर सगळा माल डब्यांत भरून, वर आकडे चिकटवून, नमुन्यांसकट गेलेला. मालकांना कधी नव्हे ती घाई झाली होती. ती रेघ जमली की नाही हे बघायचं राहूनच गेलं. उभ्या जन्मात मावशीने न चाखता जाऊ दिलेला तो एकच माल.

थंडीच्या सुरुवातीला ती एक दिवस घरी आली आणि ताईच्या खिडकीत तिला पांढरी डबी दिसली. वर नुसता आकडा, दोनशे चौदा. शेजारी एक पातळ वही.

"हे काय?"

"दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण बसते. ती म्हणाली, पहिली शिंक आली की सुरू करा, जागेपणी दर तीन तासांनी एक. आणि रोज वहीत लिहायचं, ताप किती, खोकला किती. मी नाव दिलं."

"तुझी बहीण कुठे काम करते ते सांगितलंस?"

"तिने कुठे विचारलं!"

निम्म्या डब्या रिकाम्या होत्या. तिने जीव ओतून केलेलं सोंग तिच्याच ताईच्या तोंडात जायची वेळ आली होती. ज्याला नको असेल त्याने केव्हाही बाहेर पडावं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ते तिला आठवलं. पण डबी खरी असेल तर बाहेर पडून काय मिळवायचं? शिवाय किती महिन्यांनी ताई कशाततरी रमली होती. शिंकेचा पत्ता नसताना तिने वहीच्या पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं, आज शिंक नाही. मावशीने वही मिटून होती तिथे ठेवली. अळीमिळी गुपचिळी.

शिंक आली तीन आठवड्यांनी. गल्लीत घरोघरी खोकले सुरू झालेच होते. ताईने ताबडतोब डबी उघडली, तास लावून गोळ्या घेतल्या, वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी ताप आला, तिसऱ्या दिवशी वाढला. सकाळी जवळचे डॉक्टर येऊन गेले. पाठीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "छाती अजून स्वच्छ आहे. तापाची गोळी द्या, पाणी द्या, पण काहीतरी खायला घाला हो. अंगात ताकद नको? दम लागला तर लगेच मला बोलवा." खाण्यापाशीच तर घोडं अडलं होतं. ताई ओठ मिटून भिंतीकडे तोंड करायची. मावशीने कामावर सुट्टी टाकली.

दुपारी खोलीत पडद्यातून पिवळट उजेड यायचा आणि त्यात धूळ सावकाश वरखाली होत राहायची. तापात ताई मधूनच घोषणा करायची. आवाज तोच, जुना, गोल, फक्त फार लांबून आल्यासारखा. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. धुक्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर..." कधी समुद्राकडे जाणारी, कधी नुसतीच आतल्या बाजूला जाणारी. मावशी उशाशी बसून ऐकायची आणि तिचेही डोळे जड व्हायचे. मग दोघी कुठल्यातरी फलाटावर बाकावर बसलेल्या असायच्या, आजूबाजूला माणूस नाही, गाड्या आवाज न करता येतायत आणि जातायत. कुठल्या गाडीत ताईला चढू द्यायचं नाही, एवढंच मावशीला पक्कं ठाऊक असायचं. ती दचकून जागी व्हायची आणि ताईचा हात धरून ठेवायची.

पाचव्या दिवशी दुपारी ताप जरासा उतरला. ताईने डोळे उघडले. अगदी शुद्धीत.

"छोटे, चाखून सांग."

"काय?"

"वेड पांघरू नकोस. ह्या गोळ्या तुमच्याकडच्या आहेत. उन्हाळाभर तू हाच वास घेऊन घरी येत होतीस."

मावशी म्हणाली, "नियम आहे ताई. कळता कामा नये."

"मला कळता कामा नये. तुझ्याबद्दल वहीत काही लिहिलेलं नाही, मी वाचलंय." ताईला धाप लागली, ती थांबली. "हे बघ, गेल्या वर्षी मी तिथून कशी परत आले मला ठाऊक नाही. ह्या वेळी कशालातरी धरून राहायचंय मला. गोळी खरी असेल तर मी तुझं ते दूध घेते, पाव घेते, म्हणशील ते खाते. रिकामी असेल तर ती डबी उचल आणि मला गप पडू दे. रिकाम्या गोळीला धरून किती दिवस लटकू?"

"अगं, खरीचा तरी उपयोग होतो की नाही, ते त्या डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही!"

"नसू दे. मला पुरेल."

"आणि मी खोटंच सांगितलं तर?"

ताई हसली. "तू सांगूच नकोस. मी तुझ्या तोंडाकडे बघेन. तू दोन वर्षांची होतीस तेव्हापासून वाचतेय मी ते. तुला खोटं बोलता येतं ग, पण तुझ्या तोंडाला येत नाही."

हे खरं होतं. मावशीने डबी हातात घेतली. रिकामी निघाली तर काय करायचं? नाव काढून घ्यायचं, दुकानातून झिंकच्या गोळ्या आणायच्या; पण तोवर ताई भिंतीकडे वळलेली असेल त्याचं काय? चेहरा दगडाचा करून ठेवायचा, तिने ठरवलं. आणि खोटं कशाला सांगा, तिच्या मनात आणखीही एक गोष्ट होती, आणि तिची तिला लाज वाटत होती. ती रेघ. जमली होती की नाही, हे तिला कळायला हवं होतं. तिने स्वतःला बजावलं, की हे ताईसाठीच आहे, आणि गोळी जिभेवर ठेवली.

पहिल्याच वळणाला जिभेला गाठ लागली.

कडेला, एवढीशी. टवका उडालेल्या साच्याची. म्हणजे शेवटच्या मालातली, तीन दिवस मुरवलेल्या सालींची. रिकामी. मावशीने चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. ताई उशीवरून टक लावून बघत होती. अजून एकोणीस मिनिटं होती. गोळी मध्येच काढली असती तर सगळं उघड झालं असतं, म्हणून ती चघळत राहिली.

गोडी आली. धातू आला. मग तोंड सुकायला लागलं आणि खोली नेहमीसारखी लांब लांब जायला लागली. पडदा हलत होता. खाली कुणीतरी सायकल लावत होतं, तो आवाज दुसऱ्याच कुठल्या गावातून येत होता. मावशीला वाटलं, आपण दोघी आता अशाच बसून राहू. ताई बघत राहील, आपण चघळत राहू, गोळी संपणार नाही, आणि जोवर ती संपत नाही तोवर कुणालाच काही सांगावं लागणार नाही. ताईचे डोळे तापाने चकाकत होते. किती विश्वास होता त्यांत! मावशीला रडू येत होतं आणि ते तिने गोळीच्या पाण्याबरोबर गिळलं. ह्या बाईने तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिच्यासाठी दोन स्थळं परत पाठवली होती, आणि तिलाच आज मावशी स्वतःच्या हातच्या फसवणुकीवर बसवून ठेवत होती.

गोळी पातळ झाली. नखाएवढी. मग नाहीच.

मावशी थांबली. आता काही येणार नव्हतं. चेहरा असाच धरून ठेवायचा, उठायचं, पाणी प्यायचं, आणि पाठमोरं होऊन काहीतरी बोलायचं, असं तिचं ठरलं होतं.

आणि जिभेच्या मुळाशी ती रेघ उठली.

बारीक. थंड. तीच, तिथेच, तेवढीच. आली आणि गेली.

जमलं! मावशीचा चेहरा एकदम उजळला. तिला कळायच्या आत उजळला. चोपन्न वर्षांत असं काम तिच्या हातून झालं नव्हतं, वडिलांच्याही झालं नसतं. जगात कुणालाही, अगदी तिलाही, नुसत्या चवीवरून ही गोळी ओळखता आली नसती. त्या एका क्षणात तिला ताप आठवला नाही, डबी आठवली नाही, समोर पडलेली बहीणही आठवली नाही. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आपण हसतोय हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

"खरी आहे," ताई म्हणाली.

मावशी भानावर आली.

"खरी आहे! बघ, तोंडच सांगतंय तुझं." ताई कोपरावर रेलून उठायला लागली. "मला वाटलंच होतं. अगं, रडतेस काय वेडे? दे ते दूध इकडे. आणि पाव आण, दोन आण."

"ताई, ऐक..."

"आधी पाव."

मावशी स्वयंपाकघरात गेली. ओट्याला धरून उभी राहिली. सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. ती परत आली तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती आणि केस हाताने सारखे करत होती. दूध निवलेलं होतं, तरी तिने पेला दोन्ही हातांनी धरून पूर्ण रिकामा केला. पाव बुडवून बुडवून खाल्ला, खाली सांडलेले तुकडे वेचून खाल्ले. तीन दिवसांनी पोटात पहिल्यांदा काही जात होतं. मावशी ते बघत बसली. तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं, आणि पाव संपेपर्यंत त्याची वेळ निघून गेली.

मग ताईने वही मागितली. आजचं पान लिहायचं राहिलं होतं. ताप, खोकला, झोप, सगळं तिने भरलं. पान उलटलं तर तिथे एक वेगळाच प्रश्न छापलेला होता. तुम्हाला कुठली गोळी मिळाली असं वाटतं? खाली तीन चौकोन: खरी, रिकामी, सांगता येत नाही. आणि त्याखाली, असं का वाटतं ते लिहा, म्हणून दोन ओळी मोकळ्या. ताईने खरीपुढे ठळक खूण केली. मोकळ्या ओळीवर पेन टेकवून थोडा वेळ विचार केला आणि तिच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर वही मावशीपुढे धरली.

"वाच. बरोबर आहे ना?"

मावशीने वाचलं. माझ्या धाकट्या बहिणीने ही गोळी चाखून बघितली. ती हेच काम करते. तिला फार आनंद झाला.

हे वाचून डॉक्टरीणबाईंना सगळंच कळणार होतं. डबीच्या आकड्यावरून नोंद बघतील, रिकामी निघेल, आणि जीभमावशीला नियमही पाळता आला नाही आणि गोळीही ओळखता आली नाही, असं कारखान्यापर्यंत जाईल. ताई वाट बघत होती. तिच्या गालांवर थोडा रंग आला होता.

"बरोबर आहे," मावशी म्हणाली.

"मग पुढची कितीला?"

"सहाला," मावशी म्हणाली, आणि तिने डबीचं झाकण घट्ट लावलं.